बारक्याचा फेरा

मधल्याने गाडीत बसायला नकार दिला तो चहाचा कप हातात धरूनच. आवाज चढवला नाही, कारण आवाज चढवण्याइतका श्वास त्याच्यापाशी उरलाच नव्हता.

"तुम्ही चहा घ्या आणि उजेड आहे तोवर निघा," तो म्हणाला. "मी काही येत नाही."

थोरली स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती, पर्स काखेत घट्ट धरून. खुर्ची पुढे केली तरी बसली नव्हती. लग्न होऊन ती या घरातून गेली त्यानंतर फक्त आईच्या अखेरीला आली, आणि तेव्हाही पाणी न पिता परतली. आजसुद्धा या घरात बूड टेकायचं नाही हे तिने गाडीतच ठरवून टाकलं होतं. पण वास तिच्या ठरवण्याला जुमानत नव्हता. आंबलेल्या कोंड्याचा, चुन्याचा, ओल्या कापडाचा तो वास तिच्या पदरात, केसांत, जिभेच्या मुळाशी केव्हाच जाऊन बसला होता.

"येत नाही म्हणजे काय?" ती म्हणाली. "तुझ्या छातीतली झडप कामातून गेलीय. उद्या सकाळी मोठा डॉक्टर ती बदलायला हात धुऊन उभा राहणार. त्याला काय निरोप देऊ, पेशंटचा चहा व्हायचाय?"

"सांग, घरात लहान आहे. एकटं टाकून येता येत नाही."

धाकटीने एक कोरडी बशी पुन्हा पुसायला घेतली. थोरलीच्या सुनेने मात्र मान वळवली. दोघींना गाडीत घालून तिनेच इथवर आणलं होतं. सून दातांची डॉक्टर. लोकांच्या तोंडात बोटं घालून कमावते, असं थोरली तिच्या पाठीमागे म्हणायची, आणि तोंडावरही म्हणायची, म्हणून सुनेला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

"लहान कोण?" सुनेने विचारलं. "मामा एकटेच राहतात ना?"

"एकटाच राहतो," थोरली म्हणाली. "रक्त वर चढत नाहीये, त्यामुळे असलं काहीतरी बोलतो."

"मामा, लहान कोण?" सुनेने सासूला ओलांडून सरळ त्यालाच विचारलं.

मधल्याने कप खाली ठेवला. "बारका," तो म्हणाला. "आमचा भाऊ. माझ्या पाठचा."

"ते तर लहानपणीच..."

"हो," मधला म्हणाला. "तोच."

घरच्यांना हे सांगावं लागत नसे. सून बाहेरची, म्हणून धाकटीने बशी खाली ठेवून सांगायला घेतलं. शाळेत जन्म घालवलेली बाई. मुलं ऐकत असोत की नसोत, एका सुरात सांगत जायची सवय.

घर रंगाऱ्यांचं. पुढे दुकान, मध्ये राहती खोली आणि हे स्वयंपाकघर, वर झोपायची माडी, मागे निळीचा हौद. हौद जमिनीत उतरलेला, काठ गुडघ्याएवढा. नीळ जिवंत असते. तिला कोंडा घालावा लागतो, चुना घालावा लागतो, रोज सकाळ-संध्याकाळ ढवळावं लागतं, आणि तेही हळू. घाई केली की हवा आत शिरते आणि हौद मरतो. घाई होऊ नये म्हणून घरातल्या कुणा जुन्या माणसाने पद्धत घालून दिली: दांड्याचा एक फेरा, घरातलं एक नाव. सगळ्यांत थोर माणसापासून शेंडेफळापर्यंत. लग्न होऊन कुणी गेलं, बाहेरगावी राहायला गेलं, मेलं, की त्याचं नाव गाळायचं. आणि गाळलेल्याचा आवाज आला तर उत्तर द्यायचं नाही.

"आवाज आला तर, म्हणजे?" सून म्हणाली.

"येतो," धाकटी म्हणाली, पाढा सांगावा तशी. "आमचे वडील, दादा, गेले तेव्हा त्यांच्या फेऱ्याच्या जागी खोकला यायचा. आईने ओठ मिटून ठेवले. मग बंद झाला."

"आणि आजी गेल्या तेव्हा?"

"तेव्हा दांडा माझ्या हातात होता," मधला म्हणाला. "तिने विचारलं, कोंडा घातलास का. घातला नव्हता मी. आणि सांगताही येईना."

सुनेला हसू आलं, ते तिने गिळलं. थोरलीला दोन्ही दिसलं.

"गोष्टी पुरेत," थोरली म्हणाली. "बॅग कुठे आहे याची?"

"ताई, ऐकून घे ना," धाकटी म्हणाली. गाडीत सगळ्या वाटेवर हीच बाई थोरलीच्या होला हो करत होती, उचलून न्यावं लागलं तरी नेऊ म्हणत होती. घरात पाऊल टाकलं आणि फिरली. "बारक्याचं नाव आईने गाळलंच नाही."

थोरलीला ते सांगायची गरज नव्हती. हौदावरचा तांबूस-जांभळा फेस, ज्याला घरात फूल म्हणत, तो बघायला बारका वाकला आणि आत गेला, तो आवाज तिनेच सगळ्यांच्या आधी ऐकला होता. दादांनी त्याला काढून अंगणात आणलं तेव्हा ती तिथेच होती. निळीतून कापड बाहेर येतं तेव्हा निळं नसतं, हिरवट असतं. हवेत धरलं की डोळ्यांदेखत निळं होत जातं. लहानपणी तिला ते बघायला फार आवडायचं. त्या दिवशी अंगणात सगळ्यांनी ते पाहिलं, आणि त्याबद्दल या घरात पुन्हा कुणी अक्षर काढलं नाही.

दुसऱ्या सकाळी आईने दादांच्या हातून दांडा ओढून घेतला. दादा, आई, थोरली, मधला. पुढच्या फेऱ्याला थांबायचं होतं. ती थांबली नाही. म्हणाली, "बारका." आणि हौदातून उत्तर आलं, "आहे."

तेव्हापासून तो होता. धाकटी जन्मली ती त्याच्यानंतरचा फेरा घेऊन. मोठी झाली, शिकली, गाळली गेली. तो सहा वर्षांचाच राहिला आणि रोज दोन वेळा हजेरी देत राहिला.

"मेलेल्याला फेरा," थोरली म्हणाली, "आणि जित्या मुलीला नाही. मी गेले त्याच दिवशी माझं नाव गाळलं तिने. माझी बॅगसुद्धा बांधून झाली नव्हती."

"एका दिवसात नाही," मधला म्हणाला.

"मला नको सांगूस. मी जिन्यात उभी राहून ऐकलंय."

"त्या सकाळी गाळलं, संध्याकाळी परत तोंडात आलं. मग रोज यायचं. अर्ध्यावर आलं की ती दांडा सोडून द्यायची आणि तोंडावर हात दाबून बसायची." त्याला दम लागला, तो थांबला. "थोरलीला हौदाने धरून ठेवता कामा नये, म्हणायची. एक तरी पोरगं मोकळं जाऊ दे. मी विचारलं, मग माझं काय? तर म्हणाली, तू आहेस ना त्याच्यासोबत."

थोरलीच्या तोंडाशी उत्तर नेहमी तयार असे. आत्ता मात्र ती पर्सचा बंद ओढून बघू लागली, जणू तोच तुटला होता. आयुष्यभर एका अपमानावर ती ताठ उभी राहिली होती, आणि तो कुणी पायाखालून अलगद काढून घेतला होता. शिवाय समोर हा बसला होता, ज्याला आईने विचारलंही नव्हतं. लग्न नाही, दुसरं गाव नाही. मुलखाचा निळा होऊन गेलेला, नखांपासून कोपरांपर्यंत.

"हौद उपसून टाकला तर?" सून म्हणाली.

"एकदा उपसला होता. तळाला भेग गेली होती," मधला म्हणाला. "मग त्याला जागाच राहिली नाही. घरभर फिरला. आणि मला हॉस्पिटलात ठेवलं होतं त्या वेळीही. हाक नाही, माणूस नाही. पुढचं दार बघून ये. आतल्या बाजूने."

सून उठून गेली. दुकानातून तिची चप्पल वाजली, थांबली, मग बराच वेळ काहीच वाजलं नाही. परत आली तेव्हा ती उजव्या हाताचं एक बोट बाकीच्यांपासून लांब धरून होती. ते निळं होतं.

"हात उमटलेत," ती म्हणाली. "लहान हात. खालपासून वर, कडीच्या दिशेने. कडीपर्यंत पोचलेले नाहीत." तिने बोटाकडे पाहिलं. "वरचा ओला आहे, आई."

"आज दुपारी मला वरून उतरून यायला वेळ लागला," मधला म्हणाला. "जिन्यावर बसलो होतो. त्याला वाटलं असेल, गेलो."

सुनेने नळ सोडला आणि बोट धुवत राहिली. पाठमोरीच म्हणाली, "मामांना असं ओढून नेता येणार नाही. त्यांचं मन इथे राहिलं तर टेबलावरचं शरीर काय करणार?"

"तू दात बघ," थोरली म्हणाली. पण त्यात नेहमीची धार नव्हती, आणि ते सगळ्यांना कळलं.

आता तिघं एकीकडे आणि ती एकटी दुसरीकडे. याची तिला सवय होती. तिच्या घरात रोजच असं असे, आणि रोज तीच जिंकत असे.

"मग गाळा त्याला," ती म्हणाली. "आईने गाळलं नाही, ते आता गाळा. न बोलावणं वेगळं आणि गाळणं वेगळं. तू हॉस्पिटलात होतास तेव्हा त्याला कुणी गाळलं नव्हतं, नुसतं विसरलं होतं. दांडा हातात धरून, फेरा देऊन, समोर उभं राहून गप्प बसावं लागतं. दादांना जमलं जायला, आईला जमलं. याला कुणी जाऊच दिलं नाही."

"मी केला प्रयत्न," धाकटी म्हणाली. तिचा शाळेचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "मागच्या वेळी आले होते तेव्हा. याला सांगितलं, तू वर जाऊन झोप. बारक्याच्या जागी गप्प राहिले. तो म्हणाला, मी राहिलो. इतकंच. रागाने नाही गं, आपली चूक दाखवून द्यावी तसं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, थांब हं बाळा." तिने डोळे पुसले. "माझा थोरला भाऊ. आणि मी त्याला बाळा म्हटलं."

"मी किती वेळा केला, ते मोजणंच सोडलंय," मधला म्हणाला. "दर वेळी उत्तर देतो."

"मी देते फेरे," थोरली म्हणाली.

मधला हसला. हसताना त्याला खोकला आला, सुनेने पाठीवर हात ठेवला. "तू? गप्प? ताई, तू आरशालाही उलट बोलतेस."

"आई, खरंच," सूनही म्हणाली, "तुम्ही रेडिओवरच्या बातम्यांनासुद्धा उत्तरं देता."

"बातम्या खोट्या असतात म्हणून देते." थोरलीने पर्स टेबलावर ठेवली. आल्यापासून पहिल्यांदाच. मग ती मधल्यासमोरच्या खुर्चीत बसली, आणि त्याचा निळा हात तिने हातात घेतला, जो तिने लहानपणीही कधी घेतला नसेल. हात बर्फ होता.

"मी त्याला सोडून जाणार नाही," मधला म्हणाला. "झडप नको मला. तू त्याला घालवायला आलीस, तर जा परत."

"मला एक सांग. तू इथे राहिलास आणि या खुर्चीत संपलास. मग?"

त्याने हात ओढून पाहिला, तिने सोडला नाही.

"मग त्याला कोण हाक मारणार? मी? ही? हिला गुडघे वाकवता येत नाहीत. तू संपशील आणि तो त्या दारावर हात मारत राहील. कडीपर्यंत पोचणार नाही आणि मोठाही होणार नाही. त्याला सोबत देतोस म्हणतोस. त्याला कायमचं एकटं करायची तयारी चाललीय तुझी." तिने त्याची गार बोटं चोळली. "मला गोड बोलता येत नाही. येत असतं तर आईने हे तेव्हाच मला सांगितलं असतं."

मधल्याने बराच वेळ कपातल्या चहाकडे पाहिलं. त्यावर साय धरली होती.

"त्याच्यावर ओरडू नकोस," तो शेवटी म्हणाला.

मागच्या खोलीत उजेड उंचावरच्या एका लहान खिडकीतून येत होता. भिंती कमरेपर्यंत निळ्या, वर पांढऱ्या. दोऱ्या रिकाम्या होत्या. विकायला कापड रंगवणं मधल्याने केव्हाच थांबवलं होतं, हौद मात्र जगवला होता. थोरलीने पदर खोचला, बाह्या वर केल्या आणि दांडा उचलला. जिथे पिढ्यांचे हात लागले होते तिथे तो चरबी लावल्यासारखा गुळगुळीत होता. तिची बोटं न सांगता त्या जागेवर बसली, त्याचाही तिला राग आला.

मधला दारात टेकून उभा राहिला. धाकटी त्याच्या मागे, सून तिच्या मागे.

पहिला फेरा. दांडा तळाला टेकवून, काठाकाठाने, पाण्यावर सुरकुतीही न उठवता.

"मधला," थोरली म्हणाली.

"आहे," मधला दारातून म्हणाला.

दुसरा फेरा. ती काही बोलली नाही. फूल दांड्याभोवती संथ फिरलं आणि पुन्हा जुळलं.

"मी राहिलो," कुणीतरी म्हणालं.

आवाज हौदातून आला नाही. तो तिच्या कोपराजवळून आला, जिथे तो पूर्वी काठाला रेलून उभा राही. धाकटी म्हणाली होती तसाच होता: रडका नाही, घाबरलेलाही नाही. मोठ्या माणसांकडून चूक झाली तर ती सुधारून द्यायला निघालेला. तो आवाज आपण विसरलो असू असं थोरलीला वाटत आलं होतं. तिने जीभ दातांखाली धरली आणि दांडा पुढे नेला.

"मधल्यानंतर मी असतो," तो समजावत म्हणाला. "परत पहिल्यापासून घे."

मागे धाकटीने हुंदका दिला आणि सुनेने तिला धरलं असावं. थोरलीने वळून पाहिलं नाही.

"मी सांगतो," तो म्हणाला, आणि त्याने सुरुवात केली. "दादा." फेरा. "आई." फेरा. थोरलीचे हात त्याच्या आवाजाबरोबर आपोआप चालत होते, थांबवता येत नव्हते. "थोरली."

तिचे हात अडखळले.

या घरात सगळ्यांनी तिला गाळलं होतं. प्रेमाने असो, रागाने असो, गाळलं होतं. याला कुणी सांगितलंच नव्हतं. हा रोज दोन वेळा, सगळ्यांच्या मागून, पाण्याखाली आपली पूर्ण यादी म्हणत आला होता, आणि तीत ती होती.

"मधला," तो म्हणाला. "मग मी. बघ. आता म्हण."

तिने म्हटलं नाही.

दांडा जड झाला. कुणीतरी खालून त्याला धरलं होतं, दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून, जसं लहान मूल काही हवं असलं की हाताला लोंबकळतं. मग ते वजन दांड्यावरून वर सरकत आलं आणि गार, ओली बोटं तिच्या मनगटाभोवती बसली.

"ताई," तो म्हणाला. "तू आलीस ना? मग बोल की."

कुणी काही म्हणालं आणि थोरलीने उत्तर दिलं नाही असं तिच्या हयातीत घडलं नव्हतं. नवऱ्याला दिलं, सासूला दिलं, कोर्टात वकिलाला दिलं होतं. उत्तर जिभेवर चढून आलं. ते एकच अक्षर होतं, ओ. ते तिने गिळलं. पण हात फिरत राहिला, काठाकाठाने, हळू. त्याला घालवायची घाई करायची नव्हती. घाई केली तर ते हाकलणं झालं असतं.

"बरं," तो जरा वेळाने म्हणाला. नंतर आणखी काहीतरी म्हणाला ते स्वतःशीच, खेळात राज्य आलं की मुलं पुटपुटतात तसं, आणि ते तिला कळलं नाही. बोटं सुटली, एकेक करून. दांडा हलका झाला.

तिने आणखी एक फेरा दिला. कुणी बोललं नाही. आणखी एक दिला. फुलाचा तांबूसपणा उतरत गेला, कडेने राखेसारखं पडत गेलं, आणि हौदावर नुसता मळकट फेस उरला, भांडी धुतल्यावर मोरीत उरतो तसा. वाससुद्धा बदलला. ती रंगाऱ्याची मुलगी, हौद मेला हे कळायला तिला बघायची गरज नव्हती.

तिने दांडा भिंतीला टेकवला. मनगटाला हात न लावता बाही खाली ओढून घेतली.

मधला अजून दारातच होता. त्याने ऐकलं होतं की नाही ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. त्याचा श्वास इतका मोठ्याने चालला होता की त्याला बाहेरचं काही ऐकू आलं नसावं. त्याचे डोळे हौदावर होते.

"गेला?"

थोरलीने मान हलवली.

"माझ्याबद्दल काही म्हणाला का गं?"

मागून धाकटीने तोंड उघडलं, आणि सुनेने तिचा दंड दाबला. थोरलीने ते पाहिलं. दातांच्या डॉक्टरणीबद्दल तिला पहिल्यांदाच बरं वाटलं.

"म्हणाला, मधल्याला जाऊ दे," थोरली म्हणाली. तिला गोड खोटं बोलायची सवय नव्हती, ते नीट जमलं की नाही हे तिला कळेना. म्हणून तिने लगेच आवाज चढवला. "आता उभा काय राहिलास? पायात घाल काहीतरी, आणि बस गाडीत. डॉक्टर काय तुझा जावई आहे वाट बघायला?"

मधल्याने पायात घातलं. उंबरा ओलांडताना तो मागे वळला नाही, पण थोरलीच्या खांद्यावर त्याने इतका भार टाकला की गाडीपर्यंत तिला पाऊलपाऊल मोजून टाकावं लागलं. आणि त्या सगळ्या वाटेवर, सुनेने दार उघडून धरेपर्यंत, ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही.